प्रवाहाचा दाब ओळखणारा योहानपुत्र

विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याची बर्नोलीच्या तत्त्वाशी कधी ना कधी गाठ पडते. एकाच पातळीवरून वाहणाऱ्या द्रवाचा वेग जेथे वाढतो तेथे त्याचा दाब कमी होतो, हे त्या तत्त्वाचे सार. परीक्षेपुरते सूत्र पाठ केले जाते आणि पुढे विसरलेही जाते. हे तत्त्व ज्याच्या नावाने ओळखले जाते तो डॅनियल बर्नोली हा अठराव्या शतकातील स्विस गणितज्ञ. शिक्षणाने तो वैद्य होता. त्याने हा विचार ज्या ग्रंथात मांडला तो ‘हायड्रोडायनॅमिका’ १७३८ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे प्रसिद्ध झाला. शीर्षकपृष्ठावर त्याने आपल्या नावापुढे ‘योहानचा पुत्र’ अशी ओळख छापून घेतली होती. पाच वर्षांनी त्याच विषयावरचा दुसरा ग्रंथ लोकांपुढे आला. त्याचा लेखक होता स्वतः योहान बर्नोली, आणि ग्रंथावर वर्ष घातले होते १७३२, म्हणजे मुलाच्या ग्रंथाच्या सहा वर्षे आधीचे.

वाहत्या पाण्याच्या दाबाचे कोडे उलगडणाऱ्या डॅनियलला आयुष्यभर आणखी एका दडपणाला तोंड द्यावे लागले. ते होते घरातले, जन्मदात्या पित्याचे.

मसाल्याचा व्यापार आणि गणिताचे वेड

बर्नोली घराणे मूळचे आजच्या बेल्जियममधील अँटवर्पचे. सोळाव्या शतकात स्पॅनिश राजवटीने प्रॉटेस्टंट पंथीयांचा छळ आरंभल्यावर या कुटुंबाने गाव सोडले. फ्रँकफुर्टमार्गे ते स्वित्झर्लंडमधील बासेल येथे येऊन स्थिरावले आणि मसाल्याच्या व्यापारात त्यांनी चांगला जम बसविला. मुलांनी पेढी सांभाळावी किंवा धर्मशास्त्र शिकावे, अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा असे. याकोब आणि योहान या दोन भावांनी मात्र गणिताचा ध्यास घेतला. योहानला आधी व्यापारात घालण्यात आले. तेथे त्याचे मन रमेना, तेव्हा वैद्यकाच्या अभ्यासाची परवानगी मिळाली. वैद्यक शिकता शिकता तो थोरल्या भावाकडून गणिताचे धडे घेऊ लागला. लायब्निझने १६८४ मध्ये मांडलेले कलनशास्त्र युरोपात मूठभर लोकांनाच उमगले होते. त्यात या दोघा भावांची गणना होते.

पुढे या भावांमध्येच वितुष्ट आले. एकाने प्रश्न मांडायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचे आणि मग उत्तरातील चुका नियतकालिकांतून चव्हाट्यावर आणायच्या, असे वर्षानुवर्षे चालले. बासेल विद्यापीठातील गणिताचे अध्यासन याकोबकडे असल्याने योहानला तेथे वाव नव्हता. १६९५ मध्ये त्याने हॉलंडमधील ग्रोनिंगन येथे प्राध्यापकपद स्वीकारले. तेथेच फेब्रुवारी १७०० मध्ये डॅनियलचा जन्म झाला. १७०५ मध्ये हे कुटुंब बासेलला परत निघाले. वाटेतच याकोबच्या निधनाची वार्ता त्यांना समजली आणि भावाचे रिकामे झालेले अध्यासन योहानला मिळाले. डॅनियल तेव्हा पाच वर्षांचा होता.

श्रेयाच्या बाबतीत योहान हळवा होता आणि त्याला तसे कारणही होते. तरुणपणी त्याने फ्रान्समधील एक सरदार लोपिताल याला कलनशास्त्र शिकविले होते. १६९४ मध्ये लोपितालने त्याच्याशी करार केला. वर्षाला ३०० लिव्र घ्यावेत आणि आपले नवे शोध लोपितालला कळवावेत, इतर कोणाला सांगू नयेत, असा तो करार होता. १६९६ मध्ये लोपितालने कलनशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक काढले. त्यातील बराचसा ऐवज योहानचा होता. प्रस्तावनेत मोघम आभार मानले गेले, पण कीर्ती लोपितालच्या पदरी पडली. लोपिताल वारल्यावर योहानने आपला हक्क सांगितला, तेव्हा अनेकांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. त्याचे म्हणणे खरे होते, हे जुनी हस्तलिखिते आणि पत्रे उजेडात आल्यावर विसाव्या शतकात सिद्ध झाले. आपले काम दुसऱ्याच्या नावावर जाणे म्हणजे काय, हे योहानने स्वतः भोगले होते. म्हणूनच पुढे मुलाशी तो जसा वागला, ते अधिकच खटकते.

वैद्यकातून प्रवाहाकडे

ज्या योहानने बापाच्या इच्छेविरुद्ध व्यापार सोडला, त्यानेच डॅनियलने व्यापारी व्हावे असा आग्रह धरला. गणितात पैसा नाही, असे कारण त्याने पुढे केले. तेराव्या वर्षी डॅनियल बासेल विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकू लागला आणि १७१६ मध्ये तो पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाला. या काळात थोरला भाऊ निकोलाउस त्याला गणित शिकवीत होता. वडिलांनी त्याला व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी पाठवून पाहिले, पण तो प्रयत्न फसला. शेवटी तडजोड म्हणून वैद्यकाचा मार्ग ठरला. हायडेलबर्ग आणि स्ट्रासबुर्ग येथे शिकून तो बासेलला परतला आणि श्वसनक्रियेच्या यांत्रिकीवर त्याने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला.

वैद्यकाच्या या वाटेनेच तो प्रवाहाच्या शास्त्राकडे आला. इंग्लंडमधील विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला होता. हृदय हा पंप आणि रक्त हा नळ्यांतून वाहणारा द्रव, हे त्यातून स्पष्ट झाले होते. मात्र वाहणारा द्रव नळीच्या भिंतीवर किती दाब देतो, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. याच सुमारास घरी वडील डॅनियलला गणित शिकवू लागले होते. लायब्निझने पुरस्कारलेली ‘जिवंत बला’ची कल्पना त्याने वडिलांकडूनच घेतली. वस्तूचे वस्तुमान आणि तिच्या वेगाचा वर्ग यांचा गुणाकार म्हणजे तिचे जिवंत बल. वस्तू खाली पडते तेव्हा उंची गमावते आणि वेग कमावते. वर जाताना याच्या उलट घडते. या देवाणघेवाणीत एकूण हिशेब कायम राहतो, हे त्या कल्पनेचे सार. आज आपण याला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतो. त्या काळी तो घन पदार्थांपुरताच वापरला जात होता.

बासेलमध्ये नोकरी मिळविण्यासाठी डॅनियलने दोन वेळा अर्ज केला, एकदा शरीररचना व वनस्पतिशास्त्राच्या आणि एकदा तर्कशास्त्राच्या अध्यासनासाठी. अंतिम निवड चिठ्ठ्या टाकून करण्याची तेथे प्रथा होती आणि दोन्ही वेळा नशिबाने त्याला हुलकावणी दिली. १७२३ मध्ये तो वैद्यकाच्या पुढील शिक्षणासाठी इटलीत व्हेनिसला गेला. तेथे तो गंभीर आजारी पडला, पण अंथरुणावरही त्याचे गणित थांबले नाही. १७२४ मध्ये त्याचे पहिले गणिती पुस्तक व्हेनिसमध्ये निघाले. फारो नावाच्या पत्त्यांच्या जुगारातील संभाव्यता आणि छिद्रातून वाहणारे पाणी, असे दोन अगदी वेगळे विषय त्यात शेजारी शेजारी होते. समुद्रात हेलकावणाऱ्या जहाजावरही चालू राहील अशा घटिकापात्राची रचनाही त्याने सुचविली. त्याबद्दल १७२५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक त्याला मिळाले. अशी एकूण दहा पारितोषिके त्याने पुढे मिळविली.

सेंट पीटर्सबर्गची आठ वर्षे

रशियाच्या पीटर द ग्रेटने सेंट पीटर्सबर्ग येथे विज्ञान अकादमी स्थापन करण्याचे ठरविले होते. पश्चिम युरोपातील विद्वानांना तेथे निमंत्रणे जात होती. १७२५ मध्ये डॅनियल आणि निकोलाउस असे दोघे भाऊ तेथे रुजू झाले. वर्ष पुरे होण्याच्या आतच, १७२६ मध्ये निकोलाउस तापाने दगावला. लहानपणी बोट धरून गणित शिकविणारा भाऊ परक्या मुलखात असा डोळ्यांदेखत गेल्याने डॅनियल खचला. त्यातच तेथील कडाक्याची थंडी त्याला मानवत नव्हती. त्याचे मन परत जाण्याकडे ओढ घेऊ लागले.

त्या एकाकीपणात एक उत्तम सोबती मिळाला. बासेलमध्ये योहानच्या हाताखाली तयार झालेला लिओनार्ड ऑयलर १७२७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आला. अठराव्या शतकातील सर्वांत मोठा गणितज्ञ म्हणून तो पुढे नावारूपाला आला, पण तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. डॅनियलकडे प्रयोगाची दृष्टी आणि निसर्गाविषयीची जाण होती, तर ऑयलरच्या हाती गणिताचे अजोड सामर्थ्य होते. पुढली सहा वर्षे दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केले. डॅनियलच्या आयुष्यातील हाच सर्वांत फलदायी कालखंड.

द्रवांचे शास्त्र तोवर कोठवर आले होते, हे येथे पाहायला हवे. पाण्यात बुडालेल्या वस्तूला वर ढकलणाऱ्या बलाचा नियम आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच सांगितला होता. हॉलंडच्या स्टेव्हिनने १५८६ मध्ये दाखवून दिले, की भांड्याच्या तळावरील दाब भांड्याच्या आकारावर नव्हे, तर द्रवाच्या उंचीवर अवलंबून असतो. इटलीच्या टॉरिचेल्लीने १६४० च्या दशकात पाऱ्याच्या नळीतून हवेचा दाब डोळ्यांना दाखविला. टाकीच्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीवर कसा ठरतो, तेही त्यानेच सांगितले. फ्रान्सच्या पास्कालने बंदिस्त द्रवात दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा नियम मांडला. म्हणजे स्थिर द्रवाचा दाब कळला होता आणि बाहेर पडणाऱ्या धारेचा वेगही कळला होता. या दोहोंना जोडणारा दुवा सापडलेला नव्हता. नळातून पाणी वाहत असताना आतल्या भिंतीवर किती दाब असतो, हे कोणालाही सांगता येत नव्हते.

डॅनियलने त्यासाठी एक साधी मांडणी कल्पिली. पाण्याने भरलेली उंच टाकी, तिच्या तळाशी जोडलेली आडवी नळी आणि नळीच्या टोकाला लहान छिद्र असलेली तबकडी. छिद्र बंद असेल तर पाणी स्थिर राहील आणि भिंतीवर टाकीतील पाण्याच्या पूर्ण उंचीचा दाब येईल. छिद्र उघडले की पाणी वाहू लागते. टोकाची तबकडी अचानक नाहीशी झाली तर नळीतले पाणी किती जोराने पुढे धाव घेईल, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. तबकडी त्या धावेला अडविते. अडविलेला तो जोरच भिंतीवरील दाबाच्या रूपाने प्रकट होतो. जिवंत बलाचा हिशेब त्याने येथे पाण्याला लावला. टाकीतील उंचीचा जेवढा भाग वेग निर्माण करण्यात खर्च झाला, तेवढा दाबातून वजा झाला पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

उदाहरणाने हे लवकर पटेल. टाकीत पाण्याची उंची ४ फूट आहे आणि टोकाच्या छिद्राचे क्षेत्रफळ नळीच्या क्षेत्रफळाच्या निम्मे आहे, असे समजू. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग पूर्ण ४ फुटांच्या उंचीला साजेसा असेल. नळीच्या आत मात्र तो निम्माच राहील. हिशेबात वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे निम्म्या वेगासाठी उंचीचा चौथा हिस्सा, म्हणजे १ फूट खर्ची पडतो. उरलेल्या ३ फुटांचा दाब नळीच्या भिंतीवर राहतो. डॅनियल केवळ कागदावर थांबला नाही. नळीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडून त्याने तेथे काचेची उभी नळी बसविली. त्या नळीत पाणी जितके चढले, तितका भिंतीवरचा दाब. गणित आणि प्रयोग यांचा असा मेळ प्रवाहाच्या शास्त्राने तोवर पाहिलेला नव्हता.

बंद झालेले दार

१७३३ मध्ये डॅनियलने रशिया सोडला. ‘हायड्रोडायनॅमिका’चा पहिला खर्डा तो सेंट पीटर्सबर्गलाच ठेवून आला. बासेलमध्ये शरीररचना आणि वनस्पतिशास्त्राचे अध्यासन एकदाचे त्याच्या वाट्याला आले. विषय आवडीचा नव्हता, पण गाव आपले होते. मात्र तो घरी पोहोचतो न पोहोचतो तोच नवे संकट उभे राहिले. ग्रहांच्या कक्षांची प्रतले एकमेकांशी कललेली का असतात, या विषयावर पॅरिसच्या अकादमीने निबंध मागविले होते. बाप आणि लेक दोघांनीही स्वतंत्रपणे निबंध पाठविले. १७३४ मध्ये अकादमीने पारितोषिक दोघांना विभागून दिले.

कोणत्याही बापाला धन्य वाटावे असा हा क्षण. योहानला मात्र आपला मुलगा आपल्या बरोबरीचा ठरला, हेच सहन झाले नाही. ज्याला आपण शिकविले त्याने आपल्या पंगतीला बसावे, हा त्याला अपमान वाटला. त्याने डॅनियलला घराचे दार बंद केले, असे सांगितले जाते. पूर्वी दोघा भावांमध्ये जी स्पर्धा झाली, तीच आता पिता-पुत्रांमध्ये सुरू झाली. डॅनियलने आपल्या परीने नमते घेतले. ग्रंथ छापताना त्याने स्वतःला योहानचा पुत्र म्हणवून घेतले, त्यामागे केवळ रीत नव्हती. दुरावलेल्या पित्याविषयीचा आदर जगापुढे मांडण्याची ती धडपड होती, असे अनेक अभ्यासक मानतात.

‘हायड्रोडायनॅमिका’त एकूण १३ प्रकरणे आहेत. वाहत्या द्रवाच्या दाबाचा विचार १२ व्या प्रकरणात येतो. १३ व्या प्रकरणात धारेच्या उलट बाजूला बसणाऱ्या धक्क्याचा विचार असून त्या धक्क्याच्या जोरावर जहाज पुढे नेण्याची कल्पनाही आहे. १० वे प्रकरण तर काळाच्या फार पुढचे होते. हवा म्हणजे चहूकडे वेगाने धावणाऱ्या असंख्य सूक्ष्म कणांचा समुच्चय आहे आणि भांड्याच्या भिंतीवर आदळणाऱ्या या कणांचे धक्के म्हणजेच हवेचा दाब, असे त्याने मांडले. हवा निम्म्या जागेत कोंडली की दाब दुप्पट का होतो, याचे उत्तर यातून आपोआप मिळाले. हवा तापविल्यावर कणांचा वेग वाढतो आणि त्यामुळे दाबही वाढतो, हेही त्याने सांगितले. समकालीनांनी या विचाराकडे लक्ष दिले नाही. सुमारे १२० वर्षांनी क्लाउझियस आणि मॅक्सवेल यांनी तो पुन्हा हाती घेऊन पूर्णत्वास नेला.

दोन ग्रंथ, एक विषय

मुलाचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर योहानने आपल्या ‘हायड्रॉलिका’चा मजकूर ऑयलरकडे पाठविला. ऑयलरने त्याची मनापासून स्तुती केली. १७४३ मध्ये योहानच्या समग्र लेखनाबरोबर हा ग्रंथ लोकांपुढे आला. पाण्याच्या प्रवाहाचे नियम आपणच प्रथम शोधून शुद्ध यांत्रिकीच्या आधारे सिद्ध केले आहेत, असा दावा त्याच्या शीर्षकातच होता. सोबत १७३२ हे वर्ष. डॅनियलचा संताप आणि दुःख यांना सीमा राहिली नाही. ऑयलरला लिहिलेल्या पत्रात त्याने मन मोकळे केले. या ग्रंथातील कणभरही विचार आपण वडिलांकडून घेतला नसताना दहा वर्षांच्या श्रमांचे फळ एका तासात हिरावले गेले, अशी त्याची व्यथा होती. याहून चांभाराचा धंदा शिकलो असतो तर बरे झाले असते, असेही उद्विग्न होऊन त्याने लिहिले. ऑयलरची अवस्था अवघड होती. एकीकडे गुरू आणि दुसरीकडे जिवाभावाचा मित्र. त्याने उघडपणे कोणाचीच बाजू घेतली नाही.

इतिहासाने मात्र निवाडा केला आहे. ग्रंथावर १७३२ हे वर्ष मागाहून घातले गेले, यावर आज बहुतेक इतिहासकारांचे एकमत आहे. तरीही योहानचे पुस्तक म्हणजे केवळ नक्कल होती, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. डॅनियलने ऊर्जेचा ताळेबंद मांडून दाब काढला होता. योहानने प्रवाहाचा एक लहानसा काप कल्पून त्यावर दोन्ही बाजूंनी लागणाऱ्या बलांचा विचार केला आणि द्रवाच्या आतही दाब असतो, ही कल्पना अधिक नेमकी केली. ऑयलरने १७५७ मध्ये प्रसिद्ध केलेली द्रवगतीची प्रसिद्ध समीकरणे याच मार्गाने पुढे गेली. आजच्या पाठ्यपुस्तकांत बर्नोलीचे समीकरण ज्या रूपात दिसते, ते रूपही ऑयलरचे आहे. पित्याने मुलाच्या कामाचा आदर राखून स्वतःची भर नम्रपणे नोंदविली असती, तर दोघांचीही कीर्ती वाढली असती. खोट्या वर्षाने योहानच्या खऱ्या कामावरही संशयाची छाया पाडली.

रक्त, देवी आणि संभाव्यता

१ जानेवारी १७४८ रोजी योहानचे निधन झाले. डॅनियल एव्हाना बासेलमध्ये शरीरक्रियाशास्त्र शिकवीत होता. १७५० मध्ये त्याला भौतिकशास्त्राचे अध्यासन मिळाले आणि पन्नाशीत का होईना, मनासारखा विषय हाती आला. प्रयोग करून दाखवीत तो व्याख्याने देत असे आणि ती ऐकायला गर्दी लोटत असे. याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले.

त्याची बुद्धी एका विषयात अडकून पडणारी नव्हती. जुगारात जिंकण्याची अपेक्षित रक्कम गणिताने अमर्याद निघते, तरी शहाणा माणूस त्यासाठी थोडेच पैसे लावायला का तयार होतो, या कोड्याचे उत्तर त्याने १७३८ मध्येच दिले होते. पैशाचे मोल ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे बदलते, गरिबाला वाटणारे रुपयाचे मोल श्रीमंताला वाटत नाही, हा त्याचा मुद्दा अर्थशास्त्राने पुढे आपलासा केला.

१७६० मध्ये त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे देवीच्या रोगाचे गणित मांडले. देवीच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचून सौम्य रोग आणायचा आणि पुढचा धोका टाळायचा, अशी पद्धत तेव्हा युरोपात वादग्रस्त ठरली होती. टोचल्यामुळेही काही जण दगावत. मग लाभ किती आणि हानी किती? मृत्यूंच्या नोंदी घेऊन डॅनियलने हिशेब केला. देवीचा रोग नाहीसा झाला तर जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल, असे उत्तर आले. टोचण्यातला धोका जमेस धरूनही लाभाचे पारडे जड होते. साथीच्या रोगाबाबत निर्णय घेण्यासाठी गणिताचा आधार घेण्याचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न. जेन्नरची गोस्तन देवीची लस त्यानंतर ३६ वर्षांनी, १७९६ मध्ये आली.

डॅनियलने लग्न केले नाही. १७७६ पर्यंत त्याने अध्यापन केले आणि १७ मार्च १७८२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, बासेलमध्येच त्याचे देहावसान झाले. तरुणपणीची एक आठवण तो आवडीने सांगे, अशी आख्यायिका आहे. प्रवासात भेटलेल्या एका विद्वान गृहस्थाला त्याने आपले नाव सांगितले. हा तरुण थट्टा करतो आहे, असे वाटून त्या गृहस्थाने आपण आयझॅक न्यूटन असल्याचे उत्तर दिले. मिळालेल्या सर्व मानसन्मानांपेक्षा ही नकळत मिळालेली पावती त्याला मोलाची वाटे म्हणतात.

तत्त्व पुढे चालू राहिले

डॅनियलच्या हिशेबात द्रवाचे अंतर्गत घर्षण धरलेले नव्हते. खऱ्या नळांतून वाहणाऱ्या पाण्याला हे घर्षण अडविते. त्याचे गणित एकोणिसाव्या शतकात नाविए आणि स्टोक्स यांनी मांडले. विमान केवळ बर्नोलीच्या तत्त्वामुळे उडते, असे जे सर्रास सांगितले जाते, तेही अपुरे आहे. पंखाच्या वरून जाणारी हवा लांबचे अंतर कापून खालच्या हवेला एकाच वेळी गाठते, हे स्पष्टीकरण तर चुकीचेच आहे. पंख हवेला खाली वळवितो आणि त्याच्या वरच्या बाजूस दाब घटतो, या दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. मात्र नळातील प्रवाह मोजणाऱ्या व्हेंच्युरी नळीपासून विमानाचा वेग सांगणाऱ्या पिटो नळीपर्यंत अनेक साधनांच्या मुळाशी डॅनियलचाच हिशेब आहे.

वैद्यकात हे तत्त्व कसे परतले, तेही लक्षणीय आहे. डॅनियलच्या हयातीतच, १७३३ मध्ये, इंग्लंडमधील स्टीव्हन हेल्स याने घोडीच्या धमनीला उभी काचनळी जोडून केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. नळीत रक्त आठ फुटांहून अधिक चढल्याचे त्याने नोंदविले होते. धमनीत नळी न खुपसता माणसाचा रक्तदाब मोजण्याचे दंडाला बांधायच्या पट्ट्याचे सुटसुटीत साधन इटलीच्या रिव्हा-रॉच्ची याने १८९६ मध्ये आणले. आज हृदयाची झडप अरुंद झाली आहे का, हे पाहण्यासाठी इकोकार्डिओग्राफी केली जाते. अरुंद झडपेतून रक्त वेगाने जाते. तो वेग ध्वनिलहरींनी मोजतात आणि त्यावरून झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातील फरक काढतात. सेकंदाला किती मीटर वेग आहे, त्याचा वर्ग करून ४ ने गुणायचे, की पाऱ्याच्या मिलिमीटरमधील फरक मिळतो. वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर फरक ६४ मिलिमीटर येतो आणि महाधमनीची झडप तीव्र प्रमाणात अरुंद झाल्याचे निदान होते. पूर्वी अशा मोजणीसाठी हृदयात नळी सरकवावी लागे. आता अनेक रुग्णांना त्याची गरज पडत नाही.

डॉक्टर ज्या सूत्राने हा दाब काढतात, त्याला आजही बर्नोलीचे सूत्र म्हणतात. त्यात नुसते आडनाव असते. विज्ञानाचा इतिहास जाणणाऱ्यांना मात्र ते कोणत्या बर्नोलीचे, हे सांगावे लागत नाही.